टरफलांचा आवाज

फोंडा तालुक्यातून एका बाईचं पत्र आलंय. चार पानं, पाठपोट लिहिलेली. नाव छापू नका म्हणते. पत्र थोडं आखडतं घेऊन तिच्याच शब्दांत देते:

‘मावशी, आमचं घर जुनं, एकत्र. सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, त्यांचा मुलगा, आम्ही दोघं आणि नववीतली आमची लेक अशी सात माणसं, चूल एक. मी नोकरीला पणजीला जाते. जाऊबाई बावन्न वर्षांच्या. सव्वीस वर्षं घर त्यांनीच ओढलंय, हाताला चव तर अशी की विचारू नका. पण त्यांना कधी काय लागेल याचा नेम नाही. “आज भात जरा मऊ झाला ना?” एवढं म्हटलं तरी ताट सारून उठतात, मग दोन दिवस अबोला. गेल्या चवथीला, गणपतीत, नेवऱ्यांत (करंज्यांत) वेलची थोडी पुढे आलीय असं माझ्या तोंडून गेलं, तर दार लावून घेतलं, आरतीलासुद्धा बाहेर आल्या नाहीत. मागे भावाभावांत इन्व्हेंटरीचा, म्हणजे घराच्या वाटण्यांचा, विषय निघाला, तेव्हा आठवडाभर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रात्री झोपत नाहीत, पहाटे तीनला भांडी घासत बसतात. उलट कधी आठ-आठ दिवस इतक्या गोड वागतात की मला जास्तच धास्ती वाटते. नवरा कामावरून निघताना फोन करून विचारतो, “वारं कसं आहे?” त्यांना काही सांगायचं असलं की आम्ही लेकीला पुढे करतो, तिच्यावर त्या चिडत नाहीत. परवा तीच जेवताना हळूच म्हणाली, “मम्मी, वी आर ऑल वॉकिंग ऑन एगशेल्स.” याला मराठीत काय म्हणायचं? आणि असं किती दिवस चालायचं? – एक धाकटी सून’

बाय, आधी तुझा सोपा प्रश्न घेते. सोपा म्हणते खरी, पण दोन दिवस त्याने माझी झोप घालवली.

शब्दशः अर्थ ‘अंड्याच्या टरफलांवरून चालणं’. चिडक्या, हळव्या माणसाच्या आसपास जीव मुठीत धरून वावरणं. इंग्रजीत आधी नुसती अंडीच होती, टरफलं मागाहून आली. फ्रेंच आणि जर्मन लोक अजून अख्ख्या अंड्यांवरूनच चालतात, आणि आपल्याकडे साडेचारशे वर्षं राहून गेलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेतही अंड्यांवर पाय ठेवत चालणारी माणसं आहेत. मराठीत जवळपासचं पुष्कळ आहे. तोलूनमापून बोलणं, मर्जी सांभाळणं, फुंकून फुंकून पाऊल टाकणं, मिठाची गुळणी धरणं. पण नेमकं एकही बसत नाही. फुंकून पाऊल टाकणारा व्यवहारात फसलेला असतो. मर्जी सांभाळणाऱ्याला साहेबाकडून काहीतरी हवं असतं. तुम्हाला जाऊबाईंकडून काहीच नकोय, जेवण सुखाने पोटात जावं एवढंच हवंय.

मग आपल्याकडे खरे ठसकेबाज शब्द आहेत ते कुणासाठी? ज्याला राग येतो त्याच्यासाठी. नाकावर राग, काचेचं भांडं, आल्या-गेल्याला डसणारा, तिरसट, रुसूबाई. आपली भाषा रागावणाऱ्याकडे बोट दाखवते. तुझ्या लेकीने उचललेला वाक्प्रचार भलतीकडे बघतो. तो खाली बघतो, भोवतालच्यांच्या पायांकडे. पोरगी जाऊबाईंविषयी एक शब्द बोलली नाही, लक्षात आलं का? ती तुम्हा सहाजणांविषयी बोलली, त्यात ती स्वतःही आली. तुझं चार पानी पत्र जाऊबाईंवर आहे, आणि तिचं एक वाक्य तुमच्या चालण्यावर. मला तिचं वाक्य जास्त पटलं.

आता माझा एक खुळेपणा सांगते. गुलाबाच्या कुंड्यांना घालायला मी टरफलं धुऊन वाळवते. (सासूबाई होत्या तोवर आमच्याकडे अंडं पाठच्या दारानेच यायचं, आणि टरफलं शेजारच्या कुंपणापलीकडे जायची. ते दिवस गेले.) तुझं पत्र वाचलं आणि बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) वर्तमानपत्रावर पसरलेल्या त्या टरफलांवरून मी अनवाणी चालून बघितलं. म्हटलं, सल्ला द्यायचा तर अनुभव हवा. काय झालं असेल? पायाला काही म्हणजे काही झालं नाही. थोडं टोचल्यासारखं, वाळूत शिंपल्याचा चुरा लागतो तेवढंच. पण आवाज! प्रत्येक पावलाला करकर, करकर. रस्त्याने जाणारा पोदेर, आमचा पाववाला, सायकल थांबवून बघायला लागला. मी टाचा उचलल्या, बोटांवर आले, श्वास धरला, तरी आवाज व्हायचाच. चार पावलांत घाम फुटला आणि एवढा घाम कशापायी, तर फक्त आवाज होऊ नये म्हणून.

अंड्यांवरून चालणारा निदान काहीतरी वाचवत असतो. टरफलांवरून चालणारा काय वाचवतो? ती तर आधीच फुटलेली असतात. तुमच्या घरात आता नवीन काही फुटायचं राहिलेलं नाही. दोन दिवसांचा अबोला होतो, तो तुम्ही जपून बोललात तरी होतो. भात मऊ झाला म्हटलं नाही, तरी डाळ पातळ झालीय हे तोंडावर दिसलं म्हणून होतो. तुम्ही सहाजण मिळून जे टाळताय ती करकर आहे, आणि ती टाळता येत नाही हे मी पायांनी तपासून सांगते.

गोड आठवड्याची धास्ती वाटते असं तू लिहिलंस आणि पुढे लगेच ‘मीच वेडी असेन’ म्हणून खोडलंस. खोडलेलं वाचता येतं हो. वेडी कसली? जुनं सुभाषित आहे, ‘क्षणे रुष्टः क्षणे तुष्टः’ असं सुरू होतं. ज्याचं चित्त ठिकाणावर नाही त्याची कृपासुद्धा भयंकर, ‘प्रसादोऽपि भयंकरः’, असा त्याचा शेवट. राग रोजचा असला तर माणसाला त्याची सवय होते, रोज चारला पाऊस पडणार हे माहीत असलं की छत्री घेऊन निघतो तसं. कधी येईल ते कळत नाही, म्हणून माणूस दिवसभर कान टवकारून बसतो. तू दमलीस ती या कान टवकारण्याने.

पण या ‘वारं कसं आहे’ने होतं काय, ते बघ. आमच्या घरातलं सांगते, चाळीस वर्षांपूर्वीचं. माझे सासरे तिरफळावरून ताट सोडून उठायचे. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, तिरफळाचा मसाला हवाच, त्याशिवाय त्यांना घास जायचा नाही. पण जेवताना तिरफळ दाताखाली आलं की जीभ बधिर व्हायची आणि घर डोक्यावर. मग आम्ही तीन बायका काय करायचो? चेचलेली तिरफळं मोजून घालायची, बारा तर बारा. वाढताना पळीने पाच-सहा त्यांच्या वाटीबाहेर काढायची, बाकीची कढईत आहेत की नाहीत ते पुन्हा मोजायचं. अकरा वर्षं. मुलं जन्मली, शाळेत गेली, आणि आम्ही तिरफळं मोजत होतो. एकदा मे महिन्यात मुंबईची नात आली, पाच वर्षांची. मोजण्यात एक चुकलं, ते नेमकं मामंजींच्या दाताखाली. ते ताट सारणार, आम्ही तिघी स्वयंपाकघराच्या दारात पुतळ्यासारख्या, आणि ही चिमुरडी म्हणते, ‘आजोबा, थुंका ना!’

ते थुंकले. वाटीच्या कडेला. आणि पुढचा घास घेतला.

अकरा वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हातारा काही त्या दिवसापासून संत झाला नाही, बरं का. रेडिओच्या बातम्यांवरून तो मरेपर्यंत भांडला. पण तिरफळाचा धाक संपला, कारण आम्ही मोजणं सोडलं.

पणजीला रोज जातेस, तर जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा बघतेस ना, हात पसरून बाईवर संमोहन करणारा? 1945 पासून तो तिथे उभा आहे आणि आपण बसमधून मान वळवतही नाही. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन काय म्हणाला? की झोप संमोहन करणाऱ्याच्या हातातून येत नाही, झोपणाऱ्याच्या मनातून येते. त्या काळी लोकांना वाटायचं, समोरच्याच्या अंगातच काहीतरी शक्ती आहे. तुमच्या जाऊबाईंच्या नुसत्या उसाशाने सहा माणसं गप्प होतात, ते मला या पुतळ्यासारखंच वाटतं. त्यांच्या हातात असेल थोडं. बाकीचं तुम्ही पुरवता. त्यांचीच दुसरी गोष्ट सांगतात ती अशी की, लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि शब्द फुटेना, तेव्हा वडील खालून कोंकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ जाऊबाईंना भाजी समज असं मी म्हणत नाही. राणीही समजू नकोस.

आता जाऊबाई. त्यांची बाजू तुझ्या पत्रात नाही, पण पत्राच्या कडेकडेने दिसते. सव्वीस वर्षं एका चुलीवर. तू सकाळी बॅग घेऊन पणजीला, महिन्याला पगार. त्यांना महिन्याला काय? भात मऊ झालाय की नाही, हाच त्यांचा पगार. ‘वेलची पुढे आलीय’ हे तुझ्यासाठी वेलचीविषयी होतं. त्यांच्यासाठी ते सव्वीस चवथींविषयी असेल. आणि इन्व्हेंटरी! हा शब्द तू पत्रात एकदाच घेतलास आणि पुढे पळालीस. आठवडाभर घर गप्प झालं ते त्याच वेळी, भातावरून तर दोनच दिवस. वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली, तर त्यांच्याकडे काय उरतं, हा प्रश्न त्यांनी कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. ‘म्हाका कोण विचारता?’ एवढंच कधीतरी पुटपुटल्या असतील. गोव्याच्या कायद्याने, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा असतो, वारशाने आलेल्या हिश्श्यातही, आणि तिच्या सहीवाचून त्याला घर विकता येत नाही. हे दिरांनी त्यांना शांतपणे बसवून कधी सांगितलंय का? तुझ्या नवऱ्याने ते आपल्या भावाला विचारावं. चार पानांत तो एकदाच येतो, तेही वारं विचारायला. त्याला म्हणावं, हवामान खातं बंद झालं.

आणि बावन्नावं वर्ष, पहाटे तीनला भांडी. पाळी जाण्याच्या आगेमागे झोप उडते, अंगाची काहिली होते, चिडचिड होते, हे प्रत्येक बाईला होतंच असं नाही, पण पुष्कळींना होतं. थायरॉइडनेही असं होऊ शकतं, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. त्यांना डॉक्टरकडे पाठवायचं ते ‘तुम्ही फार चिडता’ म्हणून नव्हे. ‘वहिनी, तुम्ही झोपत नाही, मलाही तपासून घ्यायचंय, दोघी जाऊ’ असं म्हण. खोटं नाही ते, तूही झोपत नसशीलच. मन फारच जड असेल तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट. त्यांच्यासाठी नव्हे, आधी तूच लाव. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं अजून दचकतात. पण रोज भीत भीत जेवणाऱ्या माणसाला कुणाशी तरी बोलायला हवंच असतं. त्यासाठी वेड लागायची वाट बघायला नको.

एक मात्र विचारून ठेवते. पत्रात हात उगारल्याचं, काही फेकल्याचं, पोरीला भीती घातल्याचं कुठे नाही, म्हणून हे सगळं मोकळेपणाने लिहितेय. तसं काही असेल आणि तू लिहायचं टाळलं असशील, तर माझा गुलाब-टरफलांचा सल्ला फाडून टाक. तिथे जपून चालणं हेच शहाणपण, आणि 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करणं त्याहून मोठं.

नसेल, तर चवथीआधी एवढं कर. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराला यंदा तुम्ही दोघीच जा. पुरुष नकोत, पोरगी नको. आंबाडे, कांगलां, चिबूड, सुपारीचा घोस बघत फिरताना माणसं एकमेकींच्या तोंडाकडे बघत नाहीत, आणि बोलायला तेच बरं असतं. तिथे म्हण, ‘वहिनी, गेल्या चवथीला मी वेलचीचं बोलले ते तुम्हाला लागलं. तसं बोलायला नको होतं, आधी तुमचे हात दुखेपर्यंत नेवऱ्या झाल्या होत्या ते बोलायला हवं होतं. पण तुम्ही दार लावून घेतलं की मला काय करावं कळत नाही. लागलं तर मला तिथल्या तिथे सांगा.’ एवढंच. ‘तुम्ही नेहमीच’ असं सुरू होणारं वाक्य आलं की गिळून टाक. त्या कदाचित काहीच बोलणार नाहीत, नारळवाल्याशी भाव करायला लागतील. लागू दे. ऐकलेलं असतं.

नंतर कधी ताट सारून उठल्याच, तर एकदा बोलव. एकदाच. ‘वहिनी, जेवण झाकून ठेवलंय.’ आणि मग तुम्ही जेवा. रोजच्या आवाजात बोला, पोदेराचे उंडे आज कडक आलेत, शाळेत काय झालं, जे असेल ते. चार वेळा दाराशी जाऊन विनवण्या करायच्या नाहीत, आणि आपसांत कुजबुजायचंही नाही. दाराआडून कुजबूज फार मोठी ऐकू येते. पहिल्या एक-दोन वेळा अबोला लांबेल, तिसरा दिवस निघेल. निघू दे. सासूबाईंना आधी सांगून ठेव, नाहीतर त्याच ताट घेऊन दाराशी जातील आणि तुझं मुसळ केरात.

बाकी, जपून बोलणं मी टाकायला सांगत नाही. त्यांचं माहेरचं कुणी गेलं, ताप आला, पोराचा निकाल वाईट लागला, तर त्या दिवशी सगळ्यांनी तोंड सांभाळायचंच. त्यात भीती नसते, माया असते, आणि दुसऱ्या दिवशी ते आपोआप संपतं.

आणि लेक. खरं तर तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. तिला बाजूला घेऊन सांग की तुझं बरोबर होतं. एवढ्यानेच तिचे खांदे उतरतील बघ. चौदा वर्षांच्या पोरीला घरातलं सगळं दिसतं, आणि दिसतं ते खरं आहे असं कुणी म्हणालं नाही की ती स्वतःवरच संशय घ्यायला लागते. मोठी आई माझ्यावर चिडत नाही, म्हणून सगळ्यांचे निरोप मी न्यायचे, ही टपालकी आजपासून बंद. तिला मोठ्या आईकडे जायचंच तर नेवऱ्यांची मुरड घालायला शिकायला जाऊ दे, हातात निरोप नसताना. जाऊबाईंना शिकवायला आवडत असेल असा माझा कयास आहे. ज्यांच्या हाताला चव असते त्यांना सहसा आवडतं.

चवथ झाली की लिही. आणि वेलची यंदा कोण कुटणार, ते सारण परतायला घेण्याआधी ठरवून टाका. मला विचारशील तर लेकीलाच कुटू दे. पुढे आली तरी तिला कोण काय म्हणणार?